रोझवुडच्या मुली : संशय कोणावर, माया कोणावर

गेल्या अंकात ‘प्रिटी लिटल लायर्स’ या अमेरिकी मालिकेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांना खुनी कोण याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते. कोणते पात्र खरे, कोणते खोटे आणि कोणाला मालिकेने विनाकारण पाठीशी घातले, यावरच वाचक हिरिरीने भांडले आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या भांडणांनाच दिले आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील रोझवुड या काल्पनिक गावात पाच शाळकरी मैत्रिणींची म्होरकी असलेली ॲलिसन एका रात्री नाहीशी होते. वर्षभराने तिच्या घरामागे एका मुलीचे प्रेत सापडते आणि ते ॲलिसनचेच समजून त्याचे दफन होते. उरलेल्या चौघींना, म्हणजे स्पेन्सर, हॅना, एमिली आणि आरिया यांना, ‘ए’ अशा एकाक्षरी सहीचे संदेश येऊ लागतात, आणि त्या संदेशांत ॲलिसनखेरीज कोणालाही ठाऊक नसावीत अशी गुपिते असतात. सारा शेपर्ड यांच्या कादंबऱ्यांवरून आय. मार्लीन किंग यांनी घडवलेली ही मालिका ८ जून २०१० रोजी सुरू झाली आणि २७ जून २०१७ रोजी सात पर्वे व १६० भागांनंतर संपली. पुढील उत्तरांत शेवटापर्यंतची सगळी रहस्ये उघड झाली आहेत, याची नोंद घ्यावी.

ॲलिसनला खलनायिका म्हणावे की बळी? ती नाहीशी झाली तेव्हा कोवळ्या वयाची होती, एवढे कारण तिला माफ करायला पुरेसे आहे का? आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

आपल्या घरातील दोन्ही तटांजवळ भक्कम पुरावे आहेत, आणि ते मालिकेनेच पुरवलेले आहेत. ॲलिसनची ओळख आपल्याला आधी मृत मुलगी म्हणून होते. गेलेल्या माणसाविषयी वावगे बोलू नये हा संकेत आपण नकळत पाळतो आणि तिच्याविषयी हळहळ वाटू लागते. मग एकेक जुना प्रसंग समोर येतो आणि त्या हळहळीला तडा जातो. हॅनाच्या जाडीवरून तिने केलेली टवाळी, शाळासोबतीण मोनाला लावलेली विशेषणे, एमिलीच्या मनात आपल्याविषयी काय आहे हे ओळखून त्याच्याशी केलेला खेळ, असे कितीतरी प्रसंग सांगता येतील.

या सगळ्यांत जेनाचा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे. शेजारचा टोबी खिडकीतून डोकावत होता, असा दावा करून ॲलिसन मैत्रिणींना त्याच्या घराकडे नेते आणि तिथल्या शेडमध्ये पेटता फटाका टाकते. आत टोबीची सावत्र बहीण जेना असते आणि त्या स्फोटात तिची दृष्टी जाते. इथपर्यंत एखादा म्हणेल की पोरखेळाचे भान सुटले. पण त्यानंतर ॲलिसन जे करते ते अत्यंत थंड डोक्याने केलेले आहे. टोबीचे एक लाजिरवाणे गुपित हाताशी धरून ती त्याला हा गुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यायला लावते आणि तो मुलगा सुधारगृहात जातो. भीतीपोटी खोटे बोलणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुबळेपणाची अचूक किंमत करून ती वसूल करणे वेगळे. ॲलिसन दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि म्हणूनच केवळ वयाकडे बोट दाखवून तिची सुटका करता येत नाही.

तरीही एक गोष्ट विसरू नये. त्या वयात तिच्याभोवती असलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणीही तिला मूल म्हणून वागवत नव्हते. इयनसारखे वयाने मोठे पुरुष तिच्या मागे होते आणि पुढे आरियाचा शिक्षक व प्रियकर झालेल्या एझ्राचेही तिच्याकडे जाणे-येणे होते. ज्या रात्री ती नाहीशी झाली त्या रात्री तिच्या डोक्यात घाव बसला आणि ती मेली असे समजून तिच्या स्वतःच्या आईने, हल्लेखोराला वाचवण्यासाठी, तिला जिवंतपणी मातीत पुरले. सॅशा पीटर्स या अभिनेत्रीचा जन्म १९९६ चा. मालिका सुरू झाली तेव्हा ती खरोखरच चौदा वर्षांची होती आणि तिच्या मैत्रिणींच्या भूमिका करणाऱ्या चौघीही विशीच्या घरात होत्या. पडद्यावर सगळ्यांना धाकात ठेवणारी ही मुलगी प्रत्यक्षात त्यांच्यातील सर्वांत लहान आहे, हे एकदा लक्षात आले की जुने प्रसंग वेगळे दिसू लागतात.

माझी खरी तक्रार त्यातून वाचून पुढे गावात परत आलेल्या ॲलिसनविषयी आहे. मालिका तिला भरपूर सोसायला लावते: न केलेल्या खुनाबद्दल तुरुंग, फसवणुकीने झालेले लग्न, संमतीशिवाय लादलेले गर्भारपण. मात्र सोसणे आणि प्रायश्चित्त या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जिचा आपण छळ केला तिच्यासमोर उभे राहून उत्तर देण्याचे क्षण ॲलिसनच्या वाट्याला फार थोडे येतात. सातव्या पर्वात एकेकाळी ॲलिसनने छळलेली शाळासोबतीण पेज शाळेत नोकरीसाठी परत येते आणि आपण जुने काहीही विसरलेलो नाही हे शिक्षिका झालेल्या ॲलिसनला ठणकावून सांगते, तो असा एक दुर्मीळ क्षण. लेखकांनी तो धागा धरला असता तर ॲलिसनचे मन बदलले यावर माझा विश्वास बसला असता.

मोनाने सगळ्यांना छळले, हॅनाला गाडीखाली चिरडले, तरी शेवटी मला तिच्याविषयीच सर्वांत जास्त आपुलकी का वाटते? यात माझे काही चुकते आहे का?
— एक नियमित वाचक

मुळीच नाही. मोना वँडरवाल ही या मालिकेतील सर्वांत चांगली लिहिलेली व्यक्तिरेखा आहे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. जेनेल पॅरिश यांना तिसऱ्या पर्वापासून मुख्य कलावंतांत स्थान मिळाले, आणि त्या नसत्या तर ही मालिका सात पर्वे टिकली असती का, याची मला शंकाच आहे.

१९ मार्च २०१२ रोजी प्रसारित झालेल्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, पहिली ‘ए’ म्हणजे मोना, हे उघड होते. या रहस्यभेदाची ताकद अशी की तो कळल्यावर मागचे भाग खोटे पडत नाहीत, उलट जास्त खरे वाटू लागतात. स्पेन्सरला गाडीत घालून कड्याकडे नेताना मोना आपले कारण सांगते. ॲलिसनने केलेल्या मानहानीची आग तर तिच्या मनात असतेच. परंतु तिचे खरे दुखणे असे, की ॲलिसन गेल्यावर हॅना तिची जिवाभावाची मैत्रीण झाली होती आणि चौघी पुन्हा एकत्र येताच ती मैत्रीण तिच्या हातून निसटली. एवढ्या मोठ्या कटाच्या मुळाशी इतके लहान, इतके ओळखीचे दुःख असावे, हेच मला पटते. शाळेच्या वयात मैत्रीण दुरावणे ही लहान गोष्ट नसते. मोठे झाल्यावर आपण ती लहान म्हणतो, इतकेच.

या मुलीची कहाणी नीट पाहायची तर पाचव्या पर्वाच्या अखेरचे तळघर पाहावे. मोनाचा खून झाला असे सगळे समजत असतात, ॲलिसनला त्या खुनाबद्दल दोषीही ठरवलेले असते, आणि मुलींना पळवून ज्या भुयारी ‘बाहुलीघरात’ नेतात तिथे मोना जिवंत सापडते. तिच्या अंगावर ॲलिसनसारखे कपडे आहेत, केस ॲलिसनसारखे आहेत, आणि ॲलिसन म्हणूनच बोलण्याची तिच्यावर सक्ती आहे. जिने तिला कायम कस्पटासमान लेखले, तिचेच सोंग घेऊन तिने जगायचे, याहून क्रूर शिक्षा कोणा लेखकाला सुचली असती असे वाटत नाही. इतर चौघींना तिथे आपापल्या खोल्यांच्या हुबेहूब प्रतिकृती मिळतात. मोनाला मात्र स्वतःचे नावही मिळत नाही.

आपल्याला तिच्याविषयी आपुलकी वाटते त्याचे एक कारण आणखी आहे. मालिकेत बहुतेक माणसे आपण काय केले हे शेवटपर्यंत कबूल करत नाहीत. मोना करते. तिच्या क्रौर्याला पश्चात्तापाचा मुलामा नसतो आणि तिच्या मायेला सोज्वळतेचा. शेवटच्या भागात ती पॅरिसमध्ये बाहुल्यांचे दुकान थाटून बसलेली दिसते आणि तळघरात शेवटची छळकर्ती ॲलेक्स ड्रेक आणि तिची आई मेरी या मायलेकी तिच्या कैदेत असतात. कायद्याच्या दृष्टीने हा सरळसरळ गुन्हा आहे, आणि तरीही प्रेक्षक हसतो. ती सुधारली नाही याचा आपल्याला आनंद होतो, ही कबुली आपण एकदा स्वतःशी दिलेली बरी.

एझ्रा आणि आरिया यांच्या प्रेमकथेवर मी किशोरवयात अक्षरशः जीव टाकला होता. आता तीच दृश्ये पाहताना अंगावर काटा येतो. मालिका बदलली नाही, मग मी बदलले का?
— एक शिक्षिका

आपण बदललात हे खरे. पण त्या वेळी आपल्याला जे दिसले नाही ते दिसू नये अशी व्यवस्थाही मालिकेने केली होती. एक साधी बाब पाहा. आरियाची भूमिका करणाऱ्या लूसी हेल यांचा जन्म १९८९ चा आणि एझ्राची भूमिका करणाऱ्या इयन हार्डिंग यांचा १९८६ चा, म्हणजे दोघांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर. गंमत अशी, की वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसणाऱ्या स्पेन्सरच्या भूमिकेतील ट्रोयन बेलिसारिओ १९८५ च्या, म्हणजे फळ्यासमोर उभ्या असलेल्या सरांपेक्षाही मोठ्या! कथेतील सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा इंग्रजीचा शिक्षक यांच्यातील दरी डोळ्यांना जाणवतच नाही, आणि डोळ्यांना जे जाणवत नाही ते मनाला पटवणे अवघड असते.

त्यात पहिली भेट शाळेबाहेर, एका बारमध्ये, एकमेकांना न ओळखता झालेली दाखवली. म्हणजे दोष कोणाचाच नाही, नशिबाचा खेळ! चौथ्या पर्वात मात्र हा डोलारा मालिकेने स्वतःच पाडला. एझ्रा ॲलिसनच्या प्रकरणावर पुस्तक लिहीत असतो आणि आरिया कोण आहे हे त्याला त्या पहिल्या भेटीतच ठाऊक असते. ज्या योगायोगावर सगळी प्रेमकथा उभी होती तो योगायोगच नव्हता. एखाद्या धीट मालिकेने इथे या माणसाचा हिशेब चुकता केला असता. इथे काय होते? त्याच पर्वाच्या अखेरीस मुलींना वाचवताना त्याला गोळी लागते आणि त्या एका गोळीने त्याची सगळी पापे धुतली जातात.

कायद्याचाही उल्लेख करायला हवा. पेनसिल्व्हेनियात संमतीचे सर्वसाधारण वय सोळा आहे, आणि चाहते एझ्राच्या बचावासाठी तेवढेच सांगतात. परंतु २०११ साली त्या राज्याने कायद्यात दुरुस्ती करून, शाळेतील शिक्षकाने आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याशी लैंगिक संबंध ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. मालिका चालू असतानाच ही दुरुस्ती झाली; रोझवुडला तिची वार्ता लागलेली दिसत नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील सातव्या पर्वात आहे. आरियाने एकेकाळी एझ्राविरुद्ध पोलिसांकडे द्यायची तक्रार लिहून ठेवलेली असते, ती कधी दिली नाही एवढेच. तो कागद ‘ए. डी.’ या नव्या छळकर्त्याच्या हाती लागतो, आणि तो बाहेर येऊ नये म्हणून आरिया मैत्रिणींचा विश्वासघात करून शत्रूच्या गोटात सामील होते. थोडा विचार करा: आपल्याला कोणी तरी जाळ्यात ओढले हे स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद, आणि तो दडवण्यासाठी तिची इतकी धडपड. मालिकेला वाटते की आपण प्रेमाची परीक्षा दाखवत आहोत. मला तिथे एक मुलगी स्वतःची साक्ष फाडताना दिसते. शेवटच्या भागात दोघांचे लग्न होते.

जाता जाता एक गोष्ट. आरियाचे वडील बायरन महाविद्यालयात शिकवतात आणि त्यांचे एका विद्यार्थिनीशी संबंध असतात. ते गुपित आरियाने वर्षभर आईपासून लपवलेले असते. वडिलांचे वागणे तिला सलते आणि एझ्राचे सलत नाही, हा विरोधाभास लेखकांनी मुद्दाम रचला असावा. तसे असेल, तर तो रचून मध्येच सोडून का दिला हे कोडे मला सुटलेले नाही.

चौघींपैकी खरी हुशार कोण? मी स्पेन्सर म्हणते, माझा भाऊ हॅना म्हणतो.
— एक वाचक भगिनी

भावाचे म्हणणे सहज उडवून लावू नका. स्पेन्सर हेस्टिंग्जची बुद्धी वादातीत आहे. धागेदोरे जुळवते तीच आणि मोनाला ओळखते तीच. परंतु हुशारी हे तिचे बळ आहे तसे तिच्या घराने तिच्यावर लादलेले कर्जही आहे. पहिला नंबर हातचा जाऊ नये म्हणून ती बहिणीचा निबंध आपला म्हणून देते, आणि त्या चोरीच्या निबंधाला स्पर्धेत पाठवले जाते तेव्हा तिची झोप उडते. पुढे जागे राहण्यासाठी गोळ्या घेते, तिसऱ्या पर्वात टोबी मेला असे समजून तिचे मन इतके खचते की रॅडली या मनोरुग्णालयात तिला ठेवावे लागते. तिच्या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच भीती आहे: आपण हेस्टिंग्ज घराण्यात शोभत नाही. बेलिसारिओ यांनी ही भीती चेहऱ्यावर अशी बाळगली आहे, की विनोदी प्रसंगातही ती पूर्णपणे जात नाही.

हॅनाचे शहाणपण पुस्तकी नाही, म्हणून ते चटकन दिसत नाही. पहिल्याच भागात ती दुकानातून गॉगल चोरताना पकडली जाते आणि तिची आई ते प्रकरण मिटवण्यासाठी डिटेक्टिव्ह वाइल्डनशी संबंध ठेवते. घरात पैशांची चणचण, आईने बँकेतून चोरलेली रक्कम, निघून गेलेले वडील: चौघींत पैशाची खरी चिंता फक्त हिलाच माहीत आहे. या ओझ्याखाली हॅना कडवट होत नाही. जी जेना त्यांच्या विरोधात उभी आहे तिला जळत्या घरातून बाहेर काढायला तीच आत शिरते, आणि कड्यावरच्या त्या रात्रीनंतरही मोनाला भेटायला रॅडलीत तीच जाते. एखाद्याने आपले किती वाटोळे केले हे पूर्ण ठाऊक असूनही त्याच्याकडे माणूस म्हणून पाहणे, याला मी हुशारीच म्हणतो. हॅनाचा प्रियकर केलेबही मुळात जेनाने पेरलेला हेर होता. त्याला माफ करायचे की नाही हे ठरवायला हॅनाने बराच वेळ घेतला आणि तो तिचा निर्णय पुढे बरोबर ठरला.

एमिलीविषयी कोणीच विचारले नाही, याचे मला वाईट वाटले. तिचे आयुष्य ‘ए’ने सर्वांत आधी उघड्यावर मांडले, आणि आई पॅम सुरुवातीला मुलीचे समलिंगी असणे स्वीकारू शकत नाही, नंतर सावकाश बदलते, हा प्रवास मालिकेने घाई न करता दाखवला. २०१० साली किशोरांसाठीच्या वाहिनीवर हे सोपे नव्हते.

टोबी आणि जेना यांच्यापैकी जास्त अन्याय कोणावर झाला?
— एक ज्येष्ठ वाचक

टोबीवर झालेला अन्याय मालिकेने मान्य केला, जेनावरचा कधी धड मान्यच केला नाही. मूळ कादंबऱ्यांत टोबी दुसऱ्याच पुस्तकात मरतो. मालिकेने त्याला जिवंत ठेवले, स्पेन्सरचे प्रेम दिले आणि पुढे चक्क पोलिसाचा गणवेश दिला. ज्याला पोलिसांनी खुनाच्या संशयावरून गावभर हाकलले त्यानेच तो गणवेश चढवावा, यात एक विचित्र न्याय आहे. मात्र तिसऱ्या पर्वात तो स्पेन्सरला अंधारात ठेवून शत्रूच्या बाजूला जातो आणि ‘तुझ्या रक्षणासाठीच गेलो’ असे नंतर सांगतो, ते मी मान्य करत नाही. रक्षणाच्या नावाखाली केलेल्या फसवणुकीने ती मुलगी वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोहोचली होती.

जेनाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तिने सावत्र भावावर लैंगिक जबरदस्ती केली आणि त्यात क्षमेला जागा नाही. पण ती आंधळी झाली तो गुन्हा दुसऱ्यांचा होता आणि त्या पाचही जणी त्याविषयी गप्प राहिल्या. मालिकेने काय केले, तर तिचा काळा चष्मा आणि पांढरी काठी यांचाच भीती घालण्यासाठी वापर केला. दारात जेना उभी राहिली की संगीत बदलते! अन्याय झालेल्या माणसाकडेच संशयाची सुई वळवायची, ही या मालिकेची खोड आहे. मोना, जेना, टोबी, शाळासोबती लूकस, पेज ही यादी पाहा: ॲलिसनने ज्याला ज्याला दुखावले तो प्रत्येक जण कधी ना कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आहे. रहस्यकथेला हेतू असलेली माणसे लागतात हे मान्य, पण देखणा आणि गोड बोलणारा एझ्रा मात्र या पिंजऱ्यातून फार लवकर सुटला.

शार्लट आणि ॲलेक्स ड्रेक ही दोन्ही उत्तरे मला पटली नाहीत. आपले मत काय?
— एक वाचक

मलाही पटली नाहीत, मात्र दोन्हींची कारणे निरनिराळी आहेत.

११ ऑगस्ट २०१५ रोजी दाखवलेल्या भागात दुसरी ‘ए’ म्हणजे सीसी ड्रेक, अर्थात शार्लट, हे उघड झाले. ॲलिसनच्या घरातले, चार्ल्स म्हणून जन्मलेले हे मूल मुलगी म्हणून जगू पाहत होते. बापाने ते स्वीकारले नाही आणि लहानपणीच तिची रवानगी रॅडलीत झाली. ही कहाणी ऐकताना कोणाचेही मन द्रवेल, आणि व्हॅनेसा रे यांनी ती मनापासून सांगितली आहे. पण तिचा सूड पाहिला तर तो वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा प्रकार आहे. तिला कोंडणारा बाप जवळजवळ मोकळा राहतो आणि छळ सोसावा लागतो तो चार अनोळखी मुलींना. रॅडलीत औषधांच्या अमलाखाली असलेल्या मोनाकडून तिने सगळी गुपिते काढून घेतली, एवढाच त्या मुलींशी तिचा संबंध. त्यातून मालिकेतील एकमेव ठळक पारलिंगी व्यक्तिरेखा हीच छळकर्ती निघाली, आणि त्या वेळी यावर जी टीका झाली ती योग्यच होती. आधीच समाजाच्या संशयाचे धनी असलेल्या माणसांना कथेनेही तीच जागा द्यावी, हे मागच्या उत्तरातील खोडीचेच सर्वांत वाईट रूप होय.

ॲलेक्सची गोष्ट मात्र केवळ कारागिरीतील कच्चेपणाची आहे. स्पेन्सरला एक जुळी बहीण असते, ती इंग्लंडमध्ये वाढते, बहिणीचे सुस्थितीतील आयुष्य हवे म्हणून आणि शार्लटच्या खुन्याचा शोध घ्यायचा म्हणून ती रोझवुडला येते. कल्पना टाकाऊ नाही. परंतु ज्या पात्राला आपण शेवटच्या भागापर्यंत ओळखतच नव्हतो त्याच्यावर संशय घेण्याची संधीच आपल्याला मिळाली नव्हती. मोनाच्या वेळी उत्तर आपल्या डोळ्यांसमोर शाळेच्या उपाहारगृहात बसून हसत होते. ॲलेक्सच्या वेळी ते विमानाने आणावे लागले. बेलिसारिओ यांनी दोन बहिणींतला फरक चालण्याबोलण्यात छान दाखवला आहे, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. शार्लटचा मृत्यू मोनाच्या हातून झाला हे मात्र शोभते, कारण मोनाजवळ त्यासाठी पाच पर्वांची शिदोरी होती.

या मुली आईवडिलांना किंवा पोलिसांना काहीच का सांगत नाहीत? पाहताना डोके पिकते.
— एक पालक

सांगणार कोणाला? वाइल्डन एका मुलीच्या आईला दडपणाखाली ठेवतो. गॅरेट हा पोलीस मुलींचे चोरून चित्रण करणाऱ्या टोळक्यात होता. पालकांची अवस्था अशी, की स्पेन्सरच्या वडिलांची मुले गावात आणखी किती निघतील याचा भरवसा नाही. प्रत्येक घरात मोठ्यांचे एक गुपित आहे आणि मुलीचे गुपित उघडले की ते आपोआप उघडते. ‘ए’ची सारी ताकद या गाठीत आहे. अर्थात सहाव्या पर्वात सगळ्या आया एका तळघरात कोंडल्या जातात आणि तिथून सुटल्या कशा हे आपल्याला दाखवलेच जात नाही, तेव्हा लेखकांनाही या आयांचे काय करावे हे सुचत नव्हते असे दिसते.

१६० भाग पाहायला वेळ नाही. कुठे थांबावे?
— एक वाचक

पहिली दोन पर्वे पाहावीत, म्हणजे ४७ भाग. मोनाची कहाणी तिथे पूर्ण होते. पुढे जायचेच असेल तर पाचव्या पर्वाचा शेवटचा भाग आणि सहाव्याचे पहिले दहा भाग बघावेत. एझ्राच्या पुस्तकाचे प्रकरण पाहायचे असेल तर चौथे पर्व घ्यावे लागेल, पण त्याच्या शेवटी जी गोळी सुटते तिच्यावर विश्वास ठेवू नये.